न लिहिलेली ओळ: पुण्याची हवा आणि फुप्फुसांचे संसर्ग

अध्यक्षमहोदय आणि श्रोतेहो,

काही वर्षांपूर्वी डिसेंबरात दहा महिन्यांचे एक बाळ माझ्याकडे आणले गेले. आईवडील बांधकामावर मजुरी करणारे, आणि साइटच्याच आवारात पत्र्याच्या एका खोलीत त्यांचा संसार. बाळाला चार दिवस खोकला होता आणि आदल्या रात्रीपासून त्याने दूध सोडले होते. घड्याळ समोर ठेवून पूर्ण मिनिटभर त्याचे श्वास मोजले, ते ५८ भरले. दोन महिने ते एक वर्ष या वयात श्वास मिनिटाला ५० किंवा त्याहून अधिक झाले की न्यूमोनिया धरून उपचार सुरू करायचे, हा नियम आज आशाताईंनाही पाठ असतो. या बाळाच्या तर बरगड्यांखालची जागा प्रत्येक श्वासाबरोबर आत ओढली जात होती. प्राणवायू लावला, प्रतिजैविके दिली, बाळ सहा दिवसांत बरे झाले. घरी जाताना कागदावर निदान लिहिले: न्यूमोनिया.

त्याच्या वडिलांशी बोलताना कळले होते की स्वयंपाक खोलीतच चुलीवर होतो, सरपण म्हणून शटरिंगच्या फळ्यांचे तुकडे जाळले जातात, थंडीमुळे दार बंद असते आणि दारासमोर दिवसभर फरशा कापण्याचे यंत्र चालते. यातले काहीही त्या कागदावर आले नाही. मीच ते लिहिले नाही. आजचे व्याख्यान त्या न लिहिलेल्या ओळीविषयी आहे.

२४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखवला आणि रोगाला निश्चित कारण मिळाले. त्याआधी क्षयाचा दोष कधी आनुवंशिकतेला, कधी प्रकृतीला, तर कधी कोंदट हवेला दिला जाई. जंतू सापडल्यावर हवेचा विचार हळूहळू मागे पडला. जंतूशिवाय संसर्ग होत नाही हे निर्विवाद आहे. परंतु एकाच खोलीत, एकाच जंतूच्या सहवासात राहणाऱ्या पाच माणसांपैकी एकच आजारी का पडतो, याचे उत्तर जंतूपाशी मिळत नाही, ते फुप्फुसापाशी शोधावे लागते.

प्रौढ माणूस दिवसाकाठी सुमारे १० हजार लिटर हवा आत घेतो, आणि एवढी हवा गाळण्याची शरीराची व्यवस्था विलक्षण आहे. मोठे कण नाकातच अडतात. पुढे गेलेले श्वासनलिकेतल्या चिकट स्रावात रुततात, आणि नलिकेच्या अस्तरावरील अतिसूक्ष्म केस सेकंदाला दहा ते वीस वेळा हलून तो स्राव घशाकडे सारत राहतात. त्यातूनही जे निसटतात ते वायुकोशांत पोचतात, जिथे भक्षक पेशी त्यांना गिळून नष्ट करतात. ज्यांना आपण पीएम २.५ म्हणतो, ते अडीच मायक्रॉनपर्यंतचे, म्हणजे केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या हिश्शाएवढे कण या शेवटच्या ठाण्यापर्यंत सहज पोचतात. आता क्षयरुग्णाच्या खोकल्यातून उडालेल्या तुषारांचा विचार करा. ते हवेत सुकले की जंतू वाहून नेणारे जे कण उरतात, त्यांचा आकार एक ते पाच मायक्रॉन असतो. धूर आणि क्षयाचा जंतू दोघेही एकाच आकाराच्या वाटेने, एकाच वायुकोशात, एकाच पेशीपुढे येऊन उभे राहतात. या योगायोगाकडे मी विद्यार्थ्यांचे लक्ष नेहमी वेधतो, कारण पुढचे सारे त्यातूनच उलगडते.

धुराने श्वासनलिकेतल्या केसांची हालचाल मंदावते आणि अस्तरातील पेशींचे एकमेकींशी असलेले घट्ट सांधे सैल पडतात. काजळीने भरलेल्या भक्षक पेशीची, न्यूमोनिया घडवणारे न्यूमोकोकससारखे जंतू गिळण्याची क्षमता घटते, हे प्रयोगशाळेत अनेकदा दिसले आहे. हा न्यूमोकोकस कित्येक निरोगी मुलांच्या नाकात मुक्कामाला असतोच आणि बहुधा काही त्रास देत नाही. इंग्लंडमधील लेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ साली दाखवले की काजळीच्या संपर्कात या जंतूच्या वसाहतीची रचनाच बदलते, आणि उंदरांमध्ये तो नाकातून फुप्फुसांपर्यंत अधिक सहज पसरतो. धूर फक्त आपल्याला दुबळे करतो असे मी बरीच वर्षे समजत होतो. तो जंतूच्याही वागण्यात बदल घडवतो, हे मला त्या प्रयोगाने शिकवले.

क्षयाची गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे, कारण त्याचा जंतू भक्षक पेशीच्या आतच वस्ती करतो. संसर्ग झालेल्या १०० माणसांपैकी ५ ते १० जणांनाच आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष रोग होतो. बाकीच्यांत शरीर त्याला डांबून ठेवते. ही कैद टिकवण्यासाठी पेशींनी एकमेकींना जे रासायनिक निरोप द्यावे लागतात, ते डिझेलच्या धुरातील कणांमुळे क्षीण होतात, असे प्रयोगशाळेत दिसते. तंबाखूच्या धुराने क्षयाचा धोका सुमारे दुप्पट होतो, हे पक्के आहे. चुलीच्या आणि रस्त्यावरच्या धुराबाबत पाहण्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. तरीही जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश ज्या देशात आहेत, त्या देशाने पूर्ण पुराव्याची वाट पाहत बसणे मला परवडणारे वाटत नाही.

आता प्रत्यक्ष समाजात काय दिसते ते पाहू. लंडनमध्ये डिसेंबर १९५२ मध्ये पाच दिवस धुरकट धुके साचले. तेव्हाच्या हिशोबाने सुमारे ४ हजार माणसे त्यात दगावली, आणि ब्राँकायटिस व न्यूमोनिया ही त्यांतील ठळक कारणे होती. हे उदाहरण आपण सर्वांनी ऐकले आहे, म्हणून त्यावर रेंगाळत नाही. मला अधिक जवळचे वाटते ते अमेरिकेतील युटा खोरे. डोंगरांनी वेढलेल्या त्या खोऱ्यात हिवाळ्यात थंड हवा तळाशी बसते, तिच्यावर उबदार हवेचे झाकण पडते आणि धूर वर जाऊ शकत नाही. तिथला पोलाद कारखाना कामगार-तंट्यामुळे ऑगस्ट १९८६ ते सप्टेंबर १९८७ असे १३ महिने बंद राहिला. कारखाना चालू असलेल्या हिवाळ्यांत श्वसनविकारांनी रुग्णालयात दाखल होणाऱ्या मुलांची संख्या बंद काळातल्या हिवाळ्याच्या दुपटी-तिपटीने होती. कारखाना पुन्हा सुरू झाला आणि ती संख्याही पुन्हा चढली. असा प्रयोग कोणी मुद्दाम करू धजला नसता. पुणेही डोंगरांनी वेढलेल्या खोलगट भागात वसले आहे. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी वेताळ टेकडीवर फिरायला जाणाऱ्यांना खाली शहरावर पसरलेला राखाडी पट्टा दिसतो. तेच हे झाकण.

याच्या उलट बाजूही तुमच्यापुढे ठेवली पाहिजे. चूल काढून गॅस दिला की मुलांचा न्यूमोनिया झपाट्याने कमी होईल, अशी आमची खात्री होती. तामिळनाडू, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा येथे मिळून ३,२०० गर्भवती स्त्रियांना सोबत घेऊन एक मोठी चाचणी झाली. त्यांतील निम्म्या घरांना गॅसची शेगडी आणि दीड वर्ष इंधन मोफत देण्यात आले. घरातला धूर खरोखर खूप घटला, पण २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत बाळांच्या गंभीर न्यूमोनियात लक्षणीय फरक आढळला नाही. मलावीतल्या सुधारित चुलींच्या चाचणीतही, २०१७ साली, हेच दिसले होते. हे निष्कर्ष वाचून मी अस्वस्थ झालो. माझ्या समजुतीप्रमाणे, एका घरातला धूर थांबला तरी शेजारची चूल, रस्ता आणि जळता कचरा तसाच राहतो, आणि बाळ आळीची हवा घेत असते. हा माझा तर्क आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. मात्र त्यातून एक दिशा मिळते. एकेका स्वयंपाकघराऐवजी अख्ख्या वस्तीचा विचार करायला हवा, आणि वस्तीत चुलीबरोबर आंघोळीच्या पाण्याचा बंब, रात्रपाळीच्या रखवालदाराची शेकोटी आणि झाडलोटीनंतर कोपऱ्यात पेटवलेला पाचोळाही मोजायला हवा.

धुरापेक्षा धुळीबद्दल आपण कमी बोलतो, म्हणून तिच्यावर थोडा वेळ घेतो. दगडाच्या धुळीतील सिलिका भक्षक पेशींना थेट मारते. सिलिकोसिस, म्हणजे या धुळीने होणारा फुप्फुसाचा विकार, झालेल्या कामगाराला क्षय होण्याचा धोका इतरांच्या सुमारे तिप्पट असतो, आणि ते काम सोडल्यानंतरही धोका त्याचा पाठलाग करतो. आपल्या आसपासच्या खाणींतला काळा दगड बेसाल्ट आहे. त्यात मुक्त क्वार्ट्ज, म्हणजे स्फटिकरूप सिलिका, फारसे नसते, एवढा दिलासा आहे. पण शहरात कापला जाणारा दगड केवळ बेसाल्ट नाही. स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी येणाऱ्या ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्ज भरपूर असते, आणि नव्या फ्लॅटमध्ये लोकप्रिय झालेल्या कृत्रिम क्वार्ट्जच्या फळ्यांत तर सिलिकाचे प्रमाण ९० टक्क्यांहूनही अधिक असू शकते. तरुण कारागिरांना सिलिकोसिस होऊ लागल्यावर ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा फळ्यांवर बंदी घातली. आपल्याकडे तोच कारागीर जिन्याखाली बसून, तोंडाला रुमाल बांधून, कोरड्या पात्याने त्या कापतो. पात्यावर पाण्याची धार सोडली तर उडणारी धूळ पुष्कळ कमी होते. घरात काम काढणाऱ्या प्रत्येकाने ठेकेदाराला एवढे सांगावे, आणि पाण्याचा नळ आपण उघडून द्यावा.

रुमालाचा विषय निघालाच आहे तर दुचाकीवरच्या स्कार्फविषयीही सांगतो. त्याने ऊन आणि जाड धूळ अडते. बारीक कण त्यातून सहज आत जातात. एन ९५ प्रकारचा, चेहऱ्याला नीट बसणारा मास्कच त्यांना अडवतो.

आपल्याकडे पीएम २.५ ची वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ती ५ सुचवली. म्हणून हवेच्या गुणवत्तेच्या फलकावर हवा मर्यादेत असल्याचे वाचले, तरी ती फुप्फुसाला निरुपद्रवी आहे असे समजू नये. पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञ हवेच्या गुणवत्तेचा अंदाज बांधतात. दमेकऱ्यांच्या आणि लहान मुलांच्या घरी तो पावसाच्या अंदाजाइतक्याच सवयीने पाहिला जावा, अशी माझी इच्छा आहे.

सभागृहात डॉक्टर मंडळी बरीच दिसत आहेत, त्यांना एक विनंती आहे. खोकल्याचा रुग्ण समोर बसला की तंबाखूविषयी आपण विचारतोच. त्याच्या जोडीला तीन प्रश्न विचारावेत: स्वयंपाक आणि आंघोळीचे पाणी कशावर होते, काम कशाचे करता, आणि घराजवळ काय जळते किंवा कापले जाते. उत्तर केसपेपरवर लिहावे, कारण लिहिलेली गोष्टच पुढे मोजली जाते. मुलांच्या बाबतीत लसीची चौकशी अवश्य करावी. न्यूमोकोकसची लस २०२१ पासून देशभराच्या सरकारी लसीकरणात आहे, ६ आठवडे, १४ आठवडे आणि ९ महिने अशा तीन मात्रांत, आणि त्या जंतूविरुद्धची एक लस हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्येच तयार होते. हवा स्वच्छ व्हायला वर्षे लागतील, लस आजच्या आज देता येते.

त्या दहा महिन्यांच्या बाळाची नवव्या महिन्याची मात्रा चुकली होती, कारण त्याच सुमारास कुटुंब एका साइटवरून दुसरीकडे हलले होते. ती आम्ही पुढच्या भेटीत दिली. चुलीचे मात्र काही करता आले नाही. कायमचा पत्ता नसलेल्या माणसालाही एका ओळखपत्रावर गॅसचा पाच किलोचा छोटा सिलिंडर मिळतो, हे त्या वडिलांना ठाऊक नव्हते, आणि त्या वेळी ते मलाही ठाऊक नव्हते.