नाथसागराची टक्केवारी

[दृश्य : मिरज स्थानक, पाण्याच्या रेल्वे-वाघिणी]

मार्च २०१६. लातुरात पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदी लागली, कलम १४४. टाक्यांपाशी पाचपेक्षा जास्त माणसं जमायची नाहीत. धनेगावचं मांजरा धरण आटलं होतं आणि घागरीवरून डोकी फुटतील, ही प्रशासनाला धास्ती होती.

एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. राजस्थानातल्या कोटा इथल्या रेल्वे कारखान्यात वाफेनं धुतलेल्या दहा वाघिणी, एकीत साधारण ५० हजार लिटर, एकूण पाच लाख. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ३ लाख ८२ हजार. माणशी सव्वा लिटर आलं. पुढे वाघिणी ५० झाल्या, तरी माणशी साडेसहा लिटरच.

घागरीसाठी जमावबंदी लागते, तेव्हा पाणी हाही सुरक्षेचाच प्रश्न होतो. पण भारत-पाकिस्तान म्हटलं की सुरक्षेचा हिशेब रणगाड्यांत आणि विमानांत होतो. पाकिस्तानचेच माजी अर्थमंत्री महबूब उल हक यांच्या पुढाकारानं निघालेल्या १९९४ च्या मानवी विकास अहवालानं अन्न, आरोग्य, पर्यावरण हेही सुरक्षेत धरलं. मराठवाड्याला हे जुनंच आहे. १९६५ चं युद्ध थांबून महिनाही झाला नव्हता, तेव्हा लालबहादूर शास्त्रींनी पैठणला गोदावरीवरच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी केली. देश अमेरिकेच्या गव्हावर अवलंबून होता आणि युद्ध पेटताच अमेरिकेनं हात आखडता घेतला होता. जवान आणि किसान एका घोषणेत आले ते त्याच वर्षी.

[दृश्य : पैठण, नाथसागर]

आता इथला कळीचा दिवस १५ ऑक्टोबर. त्या दिवशी नाथसागरात, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयात, उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल, तर वरच्या अंगाच्या नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडायचं, हे राज्याच्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशानं ठरलं. वरच्या शेतकऱ्याचा ऊस आणि द्राक्षबाग त्याच पाण्यावर उभी असते, त्याचा विरोध खोटा नाही. म्हणून पाणी सुटण्याआधी कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या फळ्या काढाव्या लागतात, काठावरच्या मोटारींची वीज तोडावी लागते, पोलीस उभे करावे लागतात. एवढं करूनही सुटलेलं सगळं पैठणला पोहोचत नाही. कोरडं पात्र आधी आपली तहान भागवतं.

खरा घात उशिरानं होतो. २०२३ मध्ये ८.६ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडायचा आदेश ३० ऑक्टोबरला निघाला, पाणी सुटायला नोव्हेंबरची अखेर उजाडली. मधल्या काळात मोर्चे, याचिका आणि सुकत चाललेलं पात्र. टक्केवारी १५ ऑक्टोबरला कळते, तर फळ्या काढायची आणि दरवाजे उघडायची तारीखही त्याच आठवड्यात पक्की व्हायला हवी, पात्र ओलं आहे तोवर.