सालगड्याचा माग

[पडद्यावर: लग्नाच्या नोंदवहीचं पान. कॅमेरा सावकाश खाली सरकतो.]

सहीच्या जागी ही फुली. पेन धरायची सवय नसलेला हात, त्यामुळे शाई सांडल्यासारखी पसरलेली. बाजूला पाद्र्याने लिहून ठेवलंय: अमक्याची निशाणी.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डॉर्सेट परगण्यातल्या चर्चच्या वह्यांत अशा फुल्या पानोपानी भेटतात. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन वहीत टिपून ठेवा, हे फर्मान १५३८ सालचं. पाद्र्यांनी आपापल्या मगदुरानुसार ते पाळलं. १८१३ पासून छापील रकाने आले, तेव्हा बापाचा धंदाही कळू लागला. आईचं माहेरचं आडनाव मात्र त्यात नाहीच.

धरून चालू, आपला माणूस १८१८ चा. शेतमजूर.

६ जून १८४१ ची रात्र. जनगणनेत त्याचं वय पडतं २०. असायला हवं तेवीसच्या आसपास! त्याने लपवलेलं नाही. पंधरा वर्षांवरच्यांचं वय खालच्या पाचाच्या पटीत आणून लिहा, असा मोजणीदारांना हुकूमच होता. वंशावळ शोधणारे कितीतरी जण इथे चकतात, आणि या आकड्यावर विसंबून भलत्याच माणसाला पणजोबा करून बसतात. जन्मगावाच्या नावाने एकच प्रश्न: याच परगण्यात जन्मला का? हो किंवा नाही. धंदा? ‘अ‍ॅग लॅब’. शेतमजूर या शब्दाचं इंग्रजी लघुरूप, वरपासून खालपर्यंत तेच.

मला विचाराल तर खरा माणूस दिसतो तो १८५१ मध्ये. आता प्रत्येकाचं जन्मगाव लिहिलेलं. थोरला मुलगा एका गावचा. त्याच्या पाठची मुलगी शेजारच्या खोऱ्यातली. तिसरं तिसऱ्याच गावचं. चौथं पुन्हा पहिल्या गावात. मुलांच्या जन्मगावांची ही उतरंड म्हणजे बापाने कुठे कुठे चाकरी केली त्याचा नकाशा.

आपल्याकडे सालगड्याचं साल पाडव्याला संपतं. डॉर्सेटमध्ये ते ६ एप्रिलला संपायचं. मालकाशी जमलं नाही, की खाट, भांडीकुंडी आणि पोरं गाडीवर घालून नव्या शेतावर. १८५१ ची मोजणी झाली ३० मार्चला. म्हणजे हे पान लिहिलं गेलं तेव्हा त्यातली कित्येक घरं आठवडाभरात रिकामी व्हायची होती.

[पडद्यावर: पानावरच्या पेन्सिलच्या खुणा]

या रेघोट्या लंडनच्या कारकुनांच्या. बेरजा करताना त्यांनी वयांवरच खुणा ओढल्या. ३ आहे की ८, भिंगातूनही कळत नाही.

पुढची पानं भराभर उलटतात. मेलेल्या बाळाचं नाव पुढच्या बाळाला दिलेलं. म्हातारपणी वर्कहाउसचा, म्हणजे निराधार गरिबांना ठेवायच्या सरकारी घराचा, पत्ता. शेवटी दफनाची एक ओळ: नाव, राहण्याचं ठिकाण, तारीख, वय. कशाने गेला, ते नाही.

[पडद्यावर: १९११ चा फॉर्म]

आणि ही त्याची नात. १९११ च्या जनगणनेत पहिल्यांदाच घरच्यांनी स्वतः भरलेले फॉर्म जपून ठेवले गेले. नात विधवा आहे. ‘किती मुलं झाली, किती जिवंत, किती वारली’ हा प्रश्न नवरा हयात असलेल्या बायकांपुरताच होता. तिने तरीही उत्तर दिलं. फॉर्म तपासणाऱ्याने नियमाप्रमाणे त्यावर काट मारली.

काटेखालचे तिचे आकडे अजून वाचता येतात.