चाळीसपट लांब पल्स, तरी तितकंच बारीक चित्र

[दृश्य: बडोदे, सूरसागरजवळचा दांडिया बाजार. सोनोग्राफीची खोली.]

"काकू, मोठा श्वास घ्या... आता रोखा." प्रोब उजव्या बरगड्यांखाली टेकतो. यकृतात चरबी साचलेली आहे. वरचा भाग स्वच्छ दिसतो, पण 12 सेंटिमीटरच्या खाली अंधार. डॉक्टर गेन, म्हणजे परत आलेला आवाज मोठा करणारी खुंटी, वाढवतात, तर तिथे नुसते पांढरे ठिपके उसळतात. गेन प्रतिध्वनीला वाढवतो आणि यंत्राच्या खरखरीलाही, दोघांना सारखाच.

मऊ ऊतींमधून जाताना ध्वनी दर सेंटिमीटरला, दर मेगाहर्ट्‌झमागे साधारण अर्धा डेसिबल गमावतो. 3.5 मेगाहर्ट्‌झचा प्रोब आणि 15 सेंटिमीटर खोली असेल, तर जाऊन-येऊन 52 डेसिबल गेले. चरबीच्या यकृतात त्याहून जास्त.

मग पल्स, म्हणजे ध्वनीचा छोटा ठोका, जोरात का मारत नाहीत? दाबाच्या शिखराला मर्यादा आहे. अमेरिकी नियमांत मेकॅनिकल इंडेक्स, म्हणजे ध्वनीच्या दाबाने ऊतींना इजा होण्याचा धोका मोजणारा आकडा, 1.9च्या वर नेता येत नाही. उंची वाढवता येत नसेल, तर लांबी वाढवायची. पण नुसती लांब पल्स सोडली, की जवळजवळच्या दोन गोष्टींचे प्रतिध्वनी एकमेकांत मिसळतात. हा पेच रडारवाल्यांनी आधीच सोडवला होता: लांब पल्सवर ओळखीची खूण कोरायची.

[दृश्य: स्क्रीनवर चर्पची लहर]

ही 20 मायक्रोसेकंदांची चर्प, म्हणजे फ्रिक्वेन्सी सतत चढत जाणारी लहर. 2.5 मेगाहर्ट्‌झवर सुरू होते, 4.5वर संपते. परत आलेल्या प्रतिध्वनीवरून यंत्र हीच लहर सरकवत नेतं; या जुळणीला फिल्टर म्हणतात. दोन्ही जिथे तंतोतंत जुळतात, तिथे 20 मायक्रोसेकंदांत पसरलेली ऊर्जा अर्ध्या मायक्रोसेकंदात गोळा होते. 20 मायक्रोसेकंद गुणिले फ्रिक्वेन्सीची रुंदी 2, म्हणजे 40. कागदावर 16 डेसिबलचा फायदा. तपशील मात्र अर्ध्या मायक्रोसेकंदाच्या पल्सइतकाच, सुमारे 0.4 मिलिमीटर.

फुकट काही मिळत नाही. अशा गोळा झालेल्या चर्पच्या दोन्ही बाजूंना साइडलोब, म्हणजे छोटी खोटी शिखरं, उरतात, मुख्य शिखरापेक्षा जेमतेम 13 डेसिबल खाली. शेजारचा डायफ्रॅम (श्वासपटल) चकाकत असला, की त्याचे साइडलोब पित्ताशयाच्या काळ्या पोकळीत धूसर गाळासारखे उतरतात, आणि नसलेला आजार दिसू लागतो. म्हणून चर्पची दोन्ही टोकं हळूहळू उतरती करतात आणि फिल्टरलाही विंडो, म्हणजे टोकांकडे तसाच उतार, लावतात. त्यात एक-दोन डेसिबल जातात, रेघ थोडी जाड होते. उरलेल्या 14 डेसिबलमध्ये साधारण 4 सेंटिमीटर जास्त खोली मिळते. यकृतासाठी हा सौदा नक्कीच करावा.

[दृश्य: दोन ओळी. + + + − आणि + + − +]

दुसरा मार्ग गोले (Golay) जोडीचा: एकमेकींना पूरक अशा दोन खुणा, + म्हणजे सरळ ठोका, − म्हणजे उलटा. पहिली ओळ स्वतःशी जुळवली, तर शिखर 4 आणि बाजूला 1, 0, −1. दुसरीचंही शिखर 4, पण बाजूला −1, 0, 1. बेरीज केली, की शिखर 8 आणि बाजूला निखळ शून्य. फक्त ध्रुवता उलटवायची असल्यानं साधा पल्सर (ठोके सोडणारं सर्किट) पुरतो. उतरत्या टोकांच्या चर्पला लहरीचा आकार जसाच्या तसा मोठा करणारा महागडा लिनियर अँप्लिफायर लागतो.

पण इथे चित्राच्या प्रत्येक रेषेला दोन पल्स लागतात, फ्रेम रेट (सेकंदाला मिळणारी चित्रं) निम्मा होतो. आणि दोन पल्समध्ये ऊती हलता कामा नये. 15 सेंटिमीटर खोलीसाठी पल्समधलं अंतर 200 मायक्रोसेकंद. तेवढ्यात सेकंदाला 1 मीटर वेगाचं रक्त 0.2 मिलिमीटर पुढे गेलेलं असतं, मग बाजूची बेरीज शून्य होत नाही. हृदयासाठी गोले जोडी निवडू नये.

चर्प सुटत असताना तोच प्रोब ऐकू शकत नाही. 20 मायक्रोसेकंद म्हणजे त्वचेखालचे 15 मिलिमीटर आंधळे. म्हणून जवळच्या पट्ट्यासाठी वेगळी छोटी पल्स मारून दोन्ही चित्रं जोडतात. रिसीव्हर भरून लहरीचे माथे कापले गेले, तर जुळणी बिघडते आणि साइडलोब वर येतात. अशा वेळी आधी सुरुवातीचा गेन उतरवावा. शिवाय सरासरी ऊर्जा वाढल्यानं प्रोब तापतो. अंगाला टेकलेला पृष्ठभाग 43 अंश सेल्सिअसच्या वर जाता कामा नये.

[दृश्य: अगरचा फँटम, आत नायलॉनच्या तारा]

यंत्राची तपासणी फँटमवर, म्हणजे शरीराऐवजी वापरायच्या नमुन्यावर, करतात. 4 सेंटिमीटरवरची तार बारीक आणि 16वरची रुंद दिसली, तर बहुधा वरच्या फ्रिक्वेन्सी वाटेत शोषल्या गेल्या आहेत आणि फिल्टर अजून मूळ चर्पच शोधतो आहे. खोलीनुसार फिल्टर बदलत न्यावा लागतो.