तापीकाठची पांढरी

शहादा तालुक्यातील प्रकाशे गावी, तापी आणि गोमाई यांच्या संगमावर, पांढरीचे हे टेकाड उभे आहे. पिकाची जमीन ती काळी आणि वस्तीची ती पांढरी, असा भेद आपला शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या करत आला आहे. चुलीतली राख, पडलेल्या भिंतींची माती, हाडे आणि खापरे एकावर एक साचत गेली की मातीचा रंगच पालटतो, हे त्याने भूशास्त्राचे पुस्तक न उघडता ओळखले होते. 1955 साली येथे झालेल्या उत्खननात तळाशी ताम्रपाषाणयुगीन वस्ती सापडली आणि तिच्यावर लोखंड वापरणाऱ्यांची.

त्याही खालचा काळा पाषाण सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्या मानाने पांढरी म्हणजे गावापुरता पातळ थर. आज मात्र ती राखेच्या आणि प्लास्टिकच्या रूपाने गावाची वेस ओलांडून काळीत उतरली आहे.

भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक वीजकेंद्राच्या भट्टीत कोळशातली खनिजे वितळून त्यांचे काचेसारखे, डोळ्यांना न दिसणारे गोल मणी बनतात. चुलीच्या आचेवर असे मणी तयार होत नाहीत. त्यामुळे हजारो वर्षांनीही या दोन राखा सूक्ष्मदर्शकाखाली वेगळ्या ओळखता येतील. शेतातल्या मल्चिंग पेपरचे, म्हणजे वाफ्यांवर अंथरलेल्या पातळ प्लास्टिकचे, तसेच. त्याचा तुकडा चिमटीत धरून ओढला तर सहज फाटतो, पण कुजत नाही. उन्हाने त्याचे कण होतात आणि पावसाच्या पाण्याबरोबर नाल्यांतून तापीकडे जातात. तापी-पूर्णा संगमाच्या खाली बांधलेल्या हतनूर धरणात पाणी संथ होते आणि संथ पाण्यात गाळ बसतो.

अणुचाचण्यांतून जगभर पसरलेल्या प्लुटोनियमच्या आधारे 1950च्या दशकापासून 'मानवयुग', म्हणजे माणसाच्या ठशाचे नवे भूशास्त्रीय युग, मोजावे, असा प्रस्ताव भूशास्त्रज्ञांच्या एका गटाने मांडला होता. कॅनडातील क्रॉफर्ड सरोवराचा गाळ त्यासाठी नमुना म्हणून निवडला गेला, पण मार्च 2024मध्ये प्रस्ताव मतदानात फेटाळला गेला. माणसाचा ठसा त्याहून कितीतरी जुना आहे, हा एक आक्षेप होता आणि प्रकाशे गावचे टेकाड पाहिले की तो पटतो.

तरीही दोन्ही थरांना एकाच मापाने मोजता येत नाही. जुन्या पांढरीची माती गाड्या भरभरून खत म्हणून शेतात नेत असत. नव्या थरातले प्लास्टिक हाताला लागेल तेवढे वेचून बांधावर रचले जाते आणि उरलेले पुढच्या नांगरटीत पुन्हा मातीत गाडले जाते.