कशेळीचा हत्ती मोजताना

(दृश्य : सडा, ढगाळ सकाळ)

राजापूर तालुक्यातल्या कशेळीच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, जांभ्या दगडात कोरलेला हा हत्ती. सुमारे १८ मीटर लांब, १३ मीटर रुंद. पोटात इतर प्राण्यांच्या कितीतरी आकृत्या. २०२२ साली कोकणातल्या कातळशिल्पांचं नाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेलं, त्यात कशेळीही आहे.

पण जांभा झिजतो. पावसाळ्याचे चार महिने सड्यावर पाणी, शेवाळ, गवत. रेषा किती झिजली हे उद्या कळायचं असेल, तर तिची खोली आज मोजून ठेवायला हवी. तीही कोरीव भागावर पाय न ठेवता.

जर्मनीत १८५८ साली वेट्झलारच्या चर्चची मापं घेताना आल्ब्रेख्त मायडेनबाउअर वरून पडता पडता वाचला, आणि मापं फोटोवरूनच घ्यावीत हे त्याच्या मनाने घेतलं. त्या विद्येला आज फोटोग्रामेट्री म्हणतात, आणि त्यासाठी साधा कॅमेराही चालतो.

(दृश्य : कॅमेऱ्याचं भिंग, जवळून)

मध्यम आकाराच्या (एपीएस-सी) सेन्सरचा २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा, २४ मिलिमीटरचं भिंग, कातळापासून दोन मीटर अंतर. एका पिक्सेलमध्ये मिलिमीटरचा साधारण तिसरा हिस्सा मावतो. आकडा ऐकायला छान वाटतो, पण ती अचूकता नव्हे. दर फोटोला ४० सेंटीमीटर सरकलो आणि शेजारच्या दोनच फोटोंवरून खोली काढली, तर खोलीतली चूक आडव्या मापातल्या चुकीच्या साधारण पाचपट होते. आणि आपल्याला हवी आहे ती नेमकी खोलीच! म्हणून तोच भाग एकमेकांपासून लांबच्या जागांवरून, तिरक्या बाजूंनीही टिपायचा.

तिरके फोटो आणखी एका कारणासाठी हवेत. सगळे फोटो सरळ खाली बघून काढले, तर फोटो जुळवून त्रिमितीय मॉडेल बनवणाऱ्या सॉफ्टवेअरला भिंगाचा दोष नीट उमगत नाही. मग सपाट सडा मॉडेलमध्ये मधोमध फुगतो, नाहीतर खोलगट होतो. सॉफ्टवेअर मात्र चूक अर्ध्या पिक्सेलचीच दाखवत राहतं. हा धोका सर्वांत वाईट, कारण मॉडेल दिसायला देखणं असतं. कॅमेरा नव्वद अंशांत फिरवूनही काही फोटो घ्यायचे. ऑटोफोकस बंद, स्थिरीकरण बंद, फोकसच्या कड्यावर चिकटपट्टी. भिंग जरा हललं, की गणितासाठी तो दुसराच कॅमेरा. मोबाईलमध्ये तर भिंग आपोआप हलतं, त्यामुळे तिथे जास्त जपायचं.

(दृश्य : कातळावर मोजपट्टी)

फोटोला आकार कळतो, माप कळत नाही. ते ही पट्टी सांगते. एक मीटरच्या पट्टीत एक मिलिमीटरची चूक असेल, तर अख्ख्या हत्तीत १८ मिलिमीटरची होते. म्हणून पट्ट्या लांब हव्यात, एकाहून जास्त हव्यात, आणि वेगवेगळ्या दिशांना ठेवायला हव्यात.

शिवाय काही अंतरं स्टीलच्या टेपने मोजायची आणि सॉफ्टवेअरला सांगायचीच नाहीत. मॉडेल तयार झालं, की त्यातून तीच अंतरं काढून ताडून बघायची. जो फरक निघेल, ती आपल्या आडव्या मापांची खरी अचूकता. खोलीसाठी हीच पडताळणी खोलीमापकाने करायची. तिथे फरक तीन मिलिमीटरचा निघाला, तर रेष दोन मिलिमीटर झिजली असं त्या मॉडेलवरून कुणी म्हणू नये.

हा फरक, कॅमेरा, भिंग, तारीख हे सगळं मॉडेलसोबतच नोंदवून ठेवायचं. पाऊस ओसरून कातळ सुकला, की त्याच पट्ट्या, तीच अंतरं घेऊन पुन्हा मोजणी.