क्लच प्लेटचा हिशेब सेकंदांत

(सोलापुरातील गाडीमालक, चालक आणि गॅरेजवाल्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

क्लच प्लेट किती किलोमीटर टिकते, हा प्रश्न आज इथे येणार हे ठरलेलंच आहे. म्हणून आधीच सांगतो: या प्रश्नाला आकड्यात उत्तर नाही. तेच मॉडेल, तीच प्लेट. एक गाडी पुणे रोडवर ये-जा करत दीड लाख किलोमीटर काढते. दुसरी नवी पेठेतल्या गर्दीत चाळीस हजारांतच गॅरेजला येते. चिखलात रुतलेल्या गाडीची नवी प्लेट एका दुपारीही संपू शकते.

कारण साधं आहे. पाय पेडलवरून पूर्ण उचलला की प्लेट, फ्लायव्हील (इंजिनाचं जड चाक) आणि प्लेटला त्यावर दाबून धरणारी प्रेशर प्लेट एकसंध फिरतात. तिथे घासणंच नाही, म्हणून झीज नाही, मग तुम्ही हैदराबादला जा नाहीतर विजापूरला. पेडल पूर्ण दाबलं की प्लेट सुटी होते, तेव्हाही फेसिंग, म्हणजे तिच्यावरचं घासणारं अस्तर, झिजत नाही. झीज होते ती मधल्या वेळात, ज्याला आपण हाफ क्लच म्हणतो. प्लेटचं आयुष्य म्हणजे या घसरण्याच्या सेकंदांची बेरीज. त्यातही प्रत्येक सेकंद सारखा नसतो. इंजिनाचे फेरे आणि गाडीवरचा भार जितका जास्त, तितका तो सेकंद महाग पडतो.

टेबलावर दोन प्लेट ठेवल्यात, त्या हातोहात फिरू द्या. फेसिंगला बोट लावू नका, कडेने धरा. तेलकट बोटाचा डाग नव्या प्लेटला चालत नाही, ही सवय आत्ताच लागलेली बरी. नव्या प्लेटमध्ये फेसिंगच्या भोकांत बघा, रिव्हेटचं डोकं पृष्ठभागाच्या खाली, एक मिलिमीटरहून अधिक खोल बसलेलं दिसेल. जुनीत ते जवळजवळ वर आलंय. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये मर्यादा दिलेली असते, बहुतेक गाड्यांत ती ०.३ ते ०.५ मिलिमीटर. म्हणजे प्लेट कितीही जाड दिसली तरी वापरता येणारा माल दोन्ही बाजूंना मिळून जेमतेम दोन मिलिमीटर. रिव्हेट वर आला की तो फ्लायव्हीलवर रेघा ओढतो आणि प्लेटच्या खर्चात फ्लायव्हीलचाही खर्च येतो.

आता जुन्या प्रेशर प्लेटचा कास्टिंगचा भाग उजेडाकडे तिरपा धरा. निळसर ठिपके दिसतात? लोखंड साधारण तीनशे अंशांच्या आसपास गेलं की हा रंग येतो. आणि त्या ठिपक्यांत केसासारख्या बारीक चिरा आहेत. फ्लायव्हील जाड असल्याने बरीच उष्णता पोटात घेतं. प्रेशर प्लेट पातळ, ती आधी तापते. फेसिंगमधलं रेझिन जळतं तोच तो वास, जो घाटात पुढच्या गाडीचा येतोय असं प्रत्येकाला वाटतं.

थोडं गणित करू. सपाट रस्त्यावर गाडी उचलताना इंजिन एका वेगाला धरून क्लच सोडला, तर गाडीला जितकी गतिज ऊर्जा मिळते, तितकीच ऊर्जा क्लचमध्ये उष्णता होऊन जाते. माणसांसकट १२०० किलोची छोटी पेट्रोल गाडी घ्या. पहिल्या गिअरमध्ये १००० आरपीएमला तिचा वेग ताशी साडेसात किलोमीटरच्या आसपास असतो. तेवढ्याच वेगाला क्लच पूर्ण सुटला तर उष्णता होते सुमारे २.६ किलोज्यूल. तीच गाडी २५०० आरपीएमवर रेस देत, क्लच ओढत ओढत उचलली तर १६ किलोज्यूल. फेरे अडीच पट, उष्णता सव्वासहा पट, कारण हिशेब वर्गाचा आहे. दुसऱ्या गिअरमध्ये उचलायची सवय असेल तर पहिल्याच्या तुलनेत साधारण साडेतीन पट. ‘दुसऱ्यात पण उचलते की’ असं कौतुकाने सांगणारे चालक आपल्याकडे पुष्कळ. उचलते हे खरं, पण बिल मालक भरतो.

सोलापूर शहरात मोठे चढ नाहीत, त्यामुळे खरी परीक्षा होते तुळजापूरच्या घाटात. गर्दीच्या दिवशी रांग लागते, पुढचा ट्रक हात-दोन हात सरकतो, आणि मागचा गाडीवाला ब्रेक न लावता क्लच आणि रेस यांवर गाडी तोलून उभा राहतो. वीस फुटांना एक फूट असा सौम्य चढ धरला, इंजिन १२०० वर, गाडी तीच १२०० किलोची, तर क्लचमध्ये दीड किलोवॅटच्या आसपास शक्ती जाते. गाडी जागेवरच आहे, म्हणजे ती सगळी उष्णता. बादलीत पाणी तापवायचा पंधराशे वॉटचा रॉड बंद डब्यात सुरू करून ठेवलाय असं समजा. क्लचभोवतीच्या कवचाला, म्हणजे बेल हाउसिंगला, वारा जवळपास लागत नाही. असे वीस सेकंद म्हणजे तीस किलोज्यूल, नीट केलेल्या अकरा उचलण्यांएवढे. गाडीत पाच माणसं, टपावर सामान आणि बाहेर एप्रिलचं ऊन असेल तर विचारायलाच नको.

मग करायचं काय? चढावर थांबलात की हँडब्रेक ओढा, न्यूट्रल करा, दोन्ही पाय मोकळे. पुढच्याने चार-पाच फूट जागा सोडली म्हणून लगेच सरकू नका, दोन गाड्यांइतकी जागा होऊ द्या. मग पहिला गिअर टाका, पेडल हळू सोडत इंजिनाचा आवाज जड झालेला ऐका, गाडीचं नाक किंचित उचललं जातं. तिथे थोडी रेस, हँडब्रेक खाली, आणि पुढच्या सेकंदा-दीड सेकंदात पाय पूर्ण बाहेर. हिल होल्ड असलेली गाडी ब्रेक सोडल्यावर दोन-तीन सेकंद धरून ठेवते, तेवढे पुरतात. उतरताना मात्र गाडी गिअरमध्येच ठेवा. पाय पेडलवरून पूर्ण काढलेला असताना इंजिन ब्रेकिंगने प्लेट झिजत नाही. डिझेल वाचतं म्हणून घाटात न्यूट्रल करणाऱ्यांचं ना डिझेल वाचतं ना ब्रेक. इंजेक्शनच्या इंजिनात गिअरमध्ये उतरताना इंधन जवळजवळ बंदच होतं.

शहरात, गड्डा यात्रेच्या दिवसांत होम मैदानाच्या बाजूला, सात रस्त्याला सिग्नलवर, वेगळ्या सवयी नडतात. गर्दी सरकत असेल तर पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून रेसशिवाय गाडी ताशी सहा-सात किलोमीटरने चालते, डिझेल तर निवांत. त्याहून कमी वेग लागत असेल तर थांबा, अंतर पडू द्या, मग पुन्हा चला. हाफ क्लचवर इंच इंच सरकण्याने कुणी लवकर पोचत नाही. सिग्नलला पहिला टाकून पेडल दाबून बसलं तर प्लेट झिजत नाही, हे नीट लक्षात घ्या. तिथे त्रास होतो तो पेडल दाबल्यावर क्लच सोडवणाऱ्या रिलीज बेअरिंगला आणि ते ज्यांवर दाबतं त्या प्रेशर प्लेटच्या डायफ्रॅम स्प्रिंगच्या बोटांना. वीस सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं असेल तर न्यूट्रल. आणि गाडी चालत असताना डावा पाय पेडलवर टेकवून ठेवायचा नाही. पायाचं वजन थोडं असलं तरी प्रेशर प्लेटची पकड तेवढी सैल होते, आणि ओव्हरटेकला जोर मागितला की प्लेट घसरते.

पावसाळ्यात काळ्या मातीचं वेगळं सांगावं लागतं. उसाच्या फडात, शेतरस्त्याला चाक रुतलं की पहिला-रिव्हर्स, पहिला-रिव्हर्स, इंजिन तीन हजारावर. चाक चिकटून बसलेलं असेल तर सगळा जोर क्लचमध्येच जातो. दोन-तीन प्रयत्नांत निघाली नाही तर वास यायच्या आत थांबा. चाकाखाली पाचट, दगड, फळी टाका, नाहीतर ट्रॅक्टर बोलवा. वास आलाच तर गाडी न्यूट्रलला उभी करून किमान अर्धा तास निवू द्या.

आता क्लच गेला हे ओळखायचं कसं. वास हे शेवटचं लक्षण, घसरणं पहिलं. आणि ते पहिल्या गिअरमध्ये नाही, वरच्या गिअरमध्ये आधी दिसतं. हायवेवर मोकळा पट्टा बघून ताशी पन्नासला पाचव्यात या आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. टर्बो डिझेलचा टॉर्क दोन हजारांच्या आसपास भरतो, तिथे काटा बघा. आरपीएम झटक्याने चढला आणि वेग तसाच राहिला तर प्लेट घसरतेय. हँडब्रेक ओढून तिसऱ्यात क्लच सोडायची जुनी परीक्षा आहे, इंजिन लगेच बंद पडलं पाहिजे. ती एकदाच करा. दहा लोकांना दाखवत बसलात तर बरी प्लेट जाईल.

इथे एक प्रश्न आलाय: ‘क्लच वर सुटायला लागला म्हणजे प्लेट संपली का?’ म्हणजे पेडल बरंच वर आल्यावर गाडी उचलायला लागली तर. केबलच्या गाडीत बऱ्याचदा हो. मारुतीच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत केबल आहे. प्लेट झिजली की डायफ्रॅमची बोटं रिलीज बेअरिंगकडे सरकतात आणि पेडलचा फ्री प्ले, म्हणजे सुरुवातीची मोकळी चाल, कमी होतो. तो साधारण १० ते २० मिलिमीटर लागतो, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. प्ले उरलाच नाही तर बेअरिंग कायम बोटांवर दाबून राहतं आणि चांगली प्लेटही घसरते. म्हणून गिअरबॉक्स उतरवायच्या आधी केबलचा नट बघा, पाच मिनिटांचं काम आहे. हायड्रॉलिक गाडीत हा प्ले आपोआप भरून निघतो, त्यामुळे पेडलच्या उंचीवरून निदान करणं कच्चं. पेडल हळूहळू जड होत गेलं तर संशय घ्या. आणखी एक: प्लेट झिजल्याने क्लचचं ऑइल कमी होत नाही, उलट किंचित वर येतं. ते कमी होत असेल तर मास्टर किंवा स्लेव्ह सिलिंडर गळतोय.

गिअर खरखरतो, खासकरून रिव्हर्स, ती उलटी तक्रार. प्लेट पूर्ण सुटत नाही. केबल ताणून सैल झालेली, ऑइलच्या लाइनमध्ये हवा, प्लेटच्या मधल्या हबच्या स्प्लाइनवर, म्हणजे खाचांवर, गंज, किंवा प्लेट वाकलेली. पेडल दाबून चार-पाच सेकंद थांबून रिव्हर्स टाका, तरी खरखरला तर हे तपासा. आवाजाचं निदान त्याहून सोपं. पेडल दाबल्यावर आवाज येतो तर रिलीज बेअरिंग. न्यूट्रलमध्ये पाय काढल्यावर येतो आणि दाबल्यावर थांबतो तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग. ते क्लच बदलून जाणार नाही. उचलताना गाडी थरथरत असेल तर आधी इंजिनाचं फाउंडेशन रबर बघा, ते स्वस्त आहे. मग ऑइल गळती आणि फ्लायव्हीलवरचे तापलेले डाग.

गॅरेजवाल्यांसाठी थोडं. गिअरबॉक्स उतरवण्या-चढवण्याची मेहनत एकच, म्हणून प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग संचच टाका. दोनशे-चारशे वाचवायला जुनं बेअरिंग ठेवणं हा गिऱ्हाइकाशी अन्याय आहे, महिन्याने तेच काम फुकट करायची वेळ येते. क्रँकचं मागचं ऑइल सील आणि गिअरबॉक्सचं पुढचं सील ओलं दिसलं तर बदला, नाहीतर नवी प्लेट तेलात भिजेल. फ्लायव्हीलवर खोल रेघा किंवा निळे डाग असतील तर लेथवर पृष्ठभाग सपाट करून घ्या, पण कंपनीच्या मर्यादेतच. बऱ्याच डिझेल गाड्यांत ड्युअल मास फ्लायव्हील असतं, दोन भाग आणि मध्ये स्प्रिंग. ते लेथवर लावू नका. त्यात मर्यादेपलीकडे हलणं असेल तर बदलणं हाच उपाय, आणि तो महाग आहे हे गिऱ्हाइकाला गाडी खोलायच्या आधी सांगा.

बसवताना नव्या प्रेशर प्लेटवरचं गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पुसा. स्प्लाइनला ग्रीस अगदी पुसट, हब चढवून पुढे-मागे करा आणि बाहेर आलेलं पुसून टाका. जास्तीचं फिरताना उडून फेसिंगवर जातं. प्लेटची बाजू बघा, फ्लायव्हीलकडची बाजू बहुधा लिहिलेली असते. डमी शाफ्टने मध्य धरा, कव्हरचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे, तीन फेऱ्यांत आवळा. एकाच बाजूने आवळत गेलात तर कव्हर वाकतं. छोट्या गाड्यांत शेवटचा टॉर्क वीस-पंचवीस न्यूटन मीटरच्या आसपास असतो, पण तो मॅन्युअल बघूनच द्या. गिअरबॉक्स चढवताना त्याचं वजन एक क्षणही प्लेटच्या हबवर लोंबू देऊ नका, जॅक लावा. अशी वाकलेली प्लेट पहिल्या दिवसापासून गिअर खरखरवते आणि दोष कंपनीच्या मालाला दिला जातो. जुन्या क्लचची धूळ हवेच्या पाइपाने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. काही जुन्या फेसिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतं.

नवीन क्लचला पहिले पाचशे किलोमीटर सांभाळा. भार नको, ओढाताण नको, शहरातलं साधं चालवणं उत्तम. फेसिंग पूर्ण पृष्ठभागाने बसायला तेवढा वेळ लागतो. गाडी परत घेताना जुने भाग मागून घ्या आणि रिव्हेट बघा. खोल असतील तर प्लेट का बदलली हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

शेवटचा प्रश्न एएमटीचा, म्हणजे क्लच आणि गिअर आपोआप चालवणाऱ्या गाडीचा. पेडल नाही म्हणजे क्लच नाही असं समजू नका. त्यात हाच कोरडा क्लच आहे, पाय फक्त मोटर किंवा हायड्रॉलिक पंपाचा. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली तर ती तशीच जळते, म्हणून ब्रेक दाबून उभे राहा. आणि तिचा क्लच बदलल्यावर स्कॅनर लावून कंट्रोल युनिटला नवीन पकडीची जागा शिकवावी लागते. ज्या गॅरेजात तो स्कॅनर नाही, तिथे एएमटी खोलू देऊ नका.