सालीखालचा हिरवा

श्रोतेहो, नमस्कार.

रत्न म्हटलं की लखलखाट आठवतो. जेड लखलखत नाही. त्याची झळाळी थिजलेल्या तुपासारखी. उजेड वरच्या वर परतवण्याऐवजी ते आत मुरवतं.

या एका नावाखाली दोन खनिजं नांदत होती. १८६३ मध्ये अलेक्सी दामूर या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं ती वेगळी केली: नेफ्राइट आणि जेडाइट. चीननं हजारो वर्षं उराशी धरलं ते नेफ्राइट. कठीणपणात ते हिऱ्याच्या जवळपासही नाही, पण आतले तंतू एकमेकांत असे गुंतलेले, की ते सहजी फुटत नाही. त्यामुळे कारागीर त्यावर छिन्नी चालवत नसत. कठीण वाळू पाण्यात कालवून घासत बसत. जेड कोरलं जात नाही, झिजवलं जातं.

ते देह कुजू देत नाही, अशीही श्रद्धा होती. इसवी सनापूर्वी ११३ मध्ये वारलेल्या लिउ शेंग या चीनच्या हान घराण्यातल्या राजपुत्राला २,४९८ तुकडे सोन्याच्या तारेनं गुंफलेला जेडचा पोशाख चढवला होता. १९६८ मध्ये थडगं उघडलं तेव्हा पोशाख होता. देहाची केव्हाच माती झाली होती.

पण आज ज्याच्यासाठी तिजोऱ्या उघडतात ते जेडाइट, आणि त्यातही गर्द पाचूसारखं शाही जेड. हा हिरवा क्रोमियमचा. चिनी भाषेत जेडाइटला ‘फेइत्सुइ’ म्हणतात. हे मुळात खंड्या पक्ष्याचं नाव. २०१४ मध्ये हाँगकाँगच्या लिलावात अवघ्या सत्तावीस मण्यांची माळ दोन कोटी चौऱ्याहत्तर लाख डॉलरना गेली.

हे उत्तम जेडाइट येतं म्यानमारच्या काचिन प्रांतातून, फाकांतच्या खाणींतून. तिथला धोंडा हातात घेतला तर साधा गोटा वाटावा. वर तपकिरी, खरबरीत साल. विकणारा सालीला छोटीशी खिडकी पाडतो. गिऱ्हाईक तिथे बॅटरी टेकवून हिरवा किती खोल उतरतो ते पाहतं, आणि तेवढ्यावर पैसे मोजतं. करवत फिरल्यावर आत कधी नुसता करडा दगड निघतो. शुद्ध जुगार! चिनी लोक त्याला दगडाचा जुगारच म्हणतात.

खाणवाल्यांनी टाकून दिलेल्या मातीतही माणसं असा एखादा गोटा शोधत फिरतात. जुलै २०२० मध्ये फाकांतला तो ढिगारा पावसात कोसळला. दीडशेहून अधिक माणसं गेली.